वल्ह्यांना कंटाळलेला माणूस

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मिलवॉकीला लेकीकडे होतो. एका रात्री जेवताना जावयाने हळूच विषय काढला. त्याला बोट घ्यायची होती. फार मोठी नव्हे. सोळा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची, मागच्या फळीला इंजिन अडकवलेली. विस्कॉन्सिन राज्यात तळ्यांना तोटा नाही. थंडीत ती गोठतात, माणसे त्यांच्यावरून चालत जातात. मग उन्हाळ्याचे जे काही महिने पाणी मोकळे असते, तेवढ्यात जो तो बोट काढायची घाई करतो. नातू बारा वर्षांचा. बोटीचे नाव ऐकताच त्याचे जेवणातले लक्षच उडाले.

लेक मात्र काही बोलली नाही. ताटातली भाजी इकडची तिकडे करीत राहिली. कारण तिला ठाऊक होते आणि मलाही.

१९८५ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा रत्नागिरीला आयटीआयमध्ये मुलांना इंजिन शिकवीत असे. एका ओळखीच्या गृहस्थाने जुने आउटबोर्ड इंजिन घेतले होते आणि जयगडच्या खाडीत फेरी मारायला आम्हाला बोलावले होते. मी, बायको आणि सहा वर्षांची लेक. निघताना मी मोठ्या ऐटीत प्लग काढून पाहिला, पुसून परत बसवला. वल्ही पायात येत होती, म्हणून ती धक्क्यावरच ठेवायला मीच सांगितले. इंजिन असताना वल्ही कशाला? खाडीच्या मध्यावर इंजिन दोनदा खोकले आणि गप्प झाले. ओहोटी लागली होती. शास्त्री नदीचे पाणी समुद्राकडे धावत होते आणि त्याबरोबर आमची होडी. पाऊण तास मी दोरी ओढत होतो. लेक आईच्या पदरात तोंड खुपसून बसली होती. शेवटी एका नाखव्याने आम्हाला पाहिले, दोर फेकला आणि ओढत काठाला आणले. नंतर टाकी उपसली तर तळाशी चमचा-दोन चमचे पाणी निघाले. पेट्रोलात पाणी! पहिल्या महिन्यात मुलांना जे शिकवायचे, तेच मास्तर विसरला होता.

त्यानंतर मी लेकीला पाण्याजवळ फिरकू दिले नाही. शाळेची सहल मुंबईला घारापुरीला जायची होती, तर चिठ्ठीवर सही केली नाही. ती पोहायला शिकली नाही, होडीत बसली नाही. भीती माझी होती. ती तिला मी वाढून दिली.

म्हणून जावयाने, बाबा, तुमचा जन्म इंजिनात गेला, तुम्हीच निवडून द्या, असा आग्रह धरला तेव्हा मी दोन दिवस वेळ मागून घेतला. त्याने एक वापरलेली बोट हेरून ठेवली होती. तिच्या इंजिनाच्या टोपणावर इव्हिनरूड हे नाव होते. हे नाव मी नोकरीत असताना पुस्तकांत वाचले होते. पण तो माणूस याच मिलवॉकीचा, आणि त्याच्या कहाणीची सुरुवात इथून तासाभराच्याही आतल्या एका तळ्यावर झाली, हे मला इथे आल्यावर कळले. मग मी बोटीआधी त्या माणसाच्याच मागे लागलो.

ओले इव्हिनरूड हा मूळचा नॉर्वेचा. जन्म १९ एप्रिल १८७७. तो पाच वर्षांचा असताना, १८८२ मध्ये, कुटुंब अमेरिकेला आले आणि विस्कॉन्सिनमधल्या केंब्रिज गावाजवळ रिप्ली तळ्याच्या परिसरात शेती करू लागले. येताना आगबोटीवर हे पोर सारखे नाहीसे व्हायचे आणि शोधायला गेले की इंजिनच्या खोलीत सापडायचे, असे सांगतात. शाळा फार झाली नाही. घरात थोरला मुलगा, शेतात हात हवे होते. पण त्या हातांना नांगरापेक्षा हत्यारांची ओढ जास्त.

त्याच्या वडिलांना पाण्याचे वेड मुळीच पसंत नव्हते. मुलाने लपूनछपून होडी बांधायला घेतली, ती वडिलांनी मोडून टाकली आणि मुलाने गुपचूप दुसरी बांधली, अशी आठवण त्याच्या चरित्रात सांगितली जाते. ती शिडाची होडी रिप्ली तळ्यावर तरंगली, लोक पैसे देऊन तिच्यातून फेऱ्या मारू लागले, आणि बापाला गप्प बसावे लागले. हे वाचताना मी पुस्तक क्षणभर मिटले. त्या बापाची काळजी मला कळत होती. पण माझ्या घरात दुसरी होडी बांधणारे कोणी निघाले नव्हते. माझी लेक ऐकणारी निघाली होती.

सोळाव्या वर्षी ओले घराबाहेर पडला. मॅडिसन शहरात शेतीची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागला. दिवसा काम आणि रात्री स्वतःच पुस्तके आणून यंत्रशास्त्राचा अभ्यास. पुढे पिट्सबर्गच्या पोलाद गिरण्या, मग शिकागो, असे करीत तो मिलवॉकीला आला आणि पॅटर्नमेकर झाला. ज्यांचा कारखान्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओतीव भाग करायचा तर आधी त्याची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करावी लागते. तिच्यावरून वाळूत साचा उठतो आणि साच्यात वितळलेला धातू ओततात. लाकडात केसभर चूक झाली तर ती प्रत्येक नगात उतरते. हे काम करणारा माणूस घाईचा असून चालत नाही. ओलेच्या पुढच्या सगळ्या यशाचे मूळ मला या लाकूडकामात दिसते.

मोटारगाडीचे ते सुरुवातीचे दिवस. ओलेही पेट्रोल इंजिनांच्या नादी लागला. १९०० च्या सुमारास त्याने भागीदारीत इंजिने बनवण्याचा धंदा काढला. हार्ले आणि डेव्हिडसन ही त्याच शहरातली तरुण मंडळी मोटारसायकल जुळवीत होती, त्यांनाही त्याची मदत झाली, असे त्यांच्या इतिहासात नोंदलेले आहे. पण ओलेच्या भागीदाऱ्या टिकत नव्हत्या. इंजिन उत्तम करील, पण बिल पाठवायचे विसरेल, अशा जातीचा हा माणूस. आपल्याकडेही प्रत्येक गावात असा एक मिस्त्री असतो. गाडी त्याच्याकडेच न्यावी लागते आणि तो कायम तंगीत असतो.

त्याचे नशीब उघडले ते बेस केरी या मुलीमुळे. ती शेजारची. टायपिंग, हिशेब, पत्रव्यवहार यांत तयार. ओलेचा विस्कटलेला कागदोपत्री संसार तिने आधी सावरला आणि मग त्याच्याशी संसार मांडला. १९०६ मध्ये त्यांचे लग्न झाले.

आता ती प्रसिद्ध आइस्क्रीमची गोष्ट. मिलवॉकीच्या पश्चिमेला ओकाची नावाचे तळे आहे. लग्नाआधीच्या एका रणरणत्या उन्हाळ्याच्या दिवशी मित्रमंडळी तिथल्या बेटावर सहलीला गेली होती. बेसला आइस्क्रीम खावेसे वाटले. ओले उठला, होडीत बसला आणि दोन-अडीच मैल वल्हवत काठावर गेला. आइस्क्रीम घेतले आणि परत वल्हवू लागला. धिप्पाड गडी, पण ऊन आणि समोरचा वारा. पोहोचेपर्यंत आइस्क्रीमचे दूध झाले होते. त्या परतीच्या वाटेवर घामाने निथळताना त्याच्या डोक्यात आले की, होडीच्या मागे अडकवता येईल आणि काम झाले की काढून हातात नेता येईल, असे इंजिन का असू नये?

गोष्टीला थोडी पॉलिश चढली असेल. शिवाय असा विचार करणारा तो पहिलाच नव्हता. कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने त्याच सुमाराला होडीला अडकवायचे इंजिन करून विकायलाही सुरुवात केली होती. मग लोकांनी ओलेचेच नाव का लक्षात ठेवले? त्याचे उत्तर त्याच्या इंजिनाच्या रचनेत आहे. सिलिंडर आडवा, दांडा उभा, वर फ्लायव्हील, आणि तो उभा दांडा थेट पाण्याखाली गेलेला. तिथे बंद डबीत दोन तिरपे गिअर. ते फिरण्याची दिशा बदलून पंख्याला फिरवतात. शंभराहून अधिक वर्षे झाली. आजही कुठल्याही बंदरावर जाऊन आउटबोर्ड उघडा, पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाची हाडे साधारण अशीच दिसतील.

पहिला नमुना घरी आणून दाखवला तेव्हा बेसला ते कॉफी दळायचे यंत्र वाटले होते म्हणे. तिने नवऱ्याला ते आधी नीट, देखणे करायला लावले. मिलवॉकीच्या किनिकिनिक नदीवर भाड्याच्या होडीला लावून चाचणी झाली. १९०९ मध्ये विक्रीचे इंजिन तयार झाले. ताकद दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड आणि किंमत ६२ डॉलर. पौंडाला डॉलर, हिशेब सोपा! एका मित्राने ते फिरवून पाहायला नेले आणि येताना दहा इंजिनांची मागणी, तीही रोख पैशांसह, घेऊन आला.

बेस दिवसा घर आणि लहानगा राल्फ सांभाळायची आणि रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर पत्रे लिहायची. जाहिरातीचा मजकूरही तिचाच. वल्हवणे सोडा, वल्ही फेकून द्या, अशा अर्थाची तिची जाहिरात देशभर गाजली. मी ती वाचली आणि जयगडच्या धक्क्यावर ठेवलेली आमची वल्ही आठवली. असो. न्यूयॉर्कमधल्या एका डॅनिश निर्यातदाराने तिचे पत्र वाचून नॉर्वे-डेन्मार्ककडच्या मच्छीमारांसाठी इंजिने मागवली. ज्या समुद्राला पाठ दाखवून हे कुटुंब निघाले होते, तिथेच मुलाचे इंजिन जाऊन पोहोचले. १९११ मध्ये पेटंट मिळाले. क्रिस मेयर नावाचा पैसेवाला भागीदार आला आणि कारखाना भरभरून चालू लागला.

इथे एखादा उद्योगपती काय करील? आणखी मोठा कारखाना काढील. ओलेने उलट केले. अतिश्रमाने बेसची तब्येत ढासळली होती. त्याने १९१४ च्या सुमारास आपला हिस्सा मेयरला विकला, पाच वर्षे आउटबोर्डच्या धंद्यात पडणार नाही असे लिहून दिले, आणि बायको-मुलाला घेऊन गाडीने, बोटीने देश फिरत राहिला. स्वतःचे नाव असलेला कारखाना त्याने आइस्क्रीम मागणाऱ्या त्या मुलीसाठी सोडला. मला त्याच्या सगळ्या शोधांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

पण हात स्वस्थ बसणारे नव्हते. फिरता फिरता तो कागदावर नवे इंजिन काढीत होता. दोन सिलिंडर, बराचसा भाग अ‍ॅल्युमिनियमचा, तीन अश्वशक्ती आणि वजन सुमारे ४८ पौंड. म्हणजे ताकद दुप्पट आणि ओझे चौदा पौंडांनी कमी. मुदत संपल्यावर त्याने ते आधी मेयरलाच दाखवले. मेयरने नको म्हटले. झाले, नवराबायकोने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. १९२१ मध्ये एल्टो या नावाने ते इंजिन बाजारात आले. इव्हिनरूडचे हलके, दोन सिलिंडरचे आउटबोर्ड, या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव केलेले. स्वतःच्याच नावाच्या कंपनीशी त्याला स्पर्धा करावी लागली, आणि त्यात तो टिकला.

१९२९ मध्ये चक्र पुरे फिरले. एल्टो, जुनी इव्हिनरूड आणि लॉकवूड या तीन कंपन्या एकत्र आल्या आणि नव्या कंपनीचा अध्यक्ष झाला ओले. पण त्याच वर्षी अमेरिकेत मंदी कोसळली. खायची भ्रांत पडलेल्या देशात हौसेची इंजिने कोण घेणार? त्या काळात त्याने पगार घेतला नाही आणि पदरचे पैसे घालून कारखाना जगवला, असे सांगतात. १९३३ च्या मे महिन्यात बेस गेली. पुढच्या वर्षी, १२ जुलै १९३४ रोजी ओलेही गेला. वय अवघे सत्तावन्न. राल्फने कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये जॉन्सन मोटर्स ही प्रतिस्पर्धी कंपनी त्यात सामील झाली. पुढे कंपनीने भरभराट पाहिली, २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीही पाहिली. नाव दुसऱ्या मालकाकडे गेले आणि २०२० मध्ये इव्हिनरूड इंजिनांचे उत्पादन बंद झाले.

हे सगळे वाचून झाल्यावर मी जावयाबरोबर बोटी पाहायला निघालो. ओलेने मला जे शिकवले त्याची मी एक यादीच केली होती. ती इथे देतो. कोकणात कोणी हौसेने छोटी बोट घेणार असेल तर त्यालाही उपयोगी पडेल.

पहिले, बोट आधी आणि इंजिन नंतर. अमेरिकेत अशा छोट्या बोटींवर एक पट्टी लावलेली असते. किती माणसे, किती वजन आणि जास्तीत जास्त किती अश्वशक्ती, ते तिच्यावर लिहिलेले असते. त्यापेक्षा मोठे इंजिन लावणे म्हणजे बैलगाडीला ट्रकचे इंजिन. फार लहानही नको; भरलेल्या बोटीला वाऱ्याविरुद्ध परत आणण्याइतका जीव त्यात हवा. दुसरे, मागची फळी ठोकून पाहा. आतले लाकूड कुजले असेल तर आवाज बद्द येतो. त्या फळीची उंची आणि इंजिनाच्या दांड्याची लांबी जुळली पाहिजे. नाहीतर पंखा हवा खातो.

तिसरे, विकणाऱ्याकडे गेलात की आधी टोपणावर हात ठेवून पाहा. गरम लागले तर त्याने तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवले आहे. इंजिन थंड असताना कसे उठते ते पाहायचे असते. पाण्याशिवाय ते चालवू देऊ नका. थंड करणाऱ्या पंपाचे रबर जळते. चालू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे. सगळ्या सिलिंडरांचे कॉम्प्रेशन जवळजवळ सारखे हवे. खालच्या गिअरच्या डबीतले तेल काढून पाहा. दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे. आम्ही पाहिलेल्या एका चकचकीत इंजिनात असेच चहासारखे तेल निघाले आणि आम्ही नमस्कार करून निघालो.

चौथे माझे स्वतःचे, जयगडचे. टाकी रिकामी करून पाहा, पेट्रोल ताजे वापरा आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवा. आता पेट्रोलात इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढते, म्हणून हे जास्तच महत्त्वाचे. खाऱ्या पाण्यात बोट चालवली तर दर वेळी गोड्या पाण्याने इंजिन आतून धुवा. पाचवे, जवळचा मेकॅनिक कोण आणि तो कुठली इंजिने दुरुस्त करतो, हे आधी विचारा.

या पाचव्या प्रश्नावर गाडी अडली. जावयाने हेरलेले इव्हिनरूड इंजिन एका हिसक्यात चालू झाले, धार नीट, तेल स्वच्छ. माझे मन त्याच्यात अडकले होते. पण लेकीच्या घराजवळचा मेकॅनिक ती इंजिने आता हातात घेत नव्हता. मी रात्रभर विचार केला. ओलेच्या जागी मी असतो तर? त्याने नावावर प्रेम केले असते तर एल्टो जन्मलाच नसता. सकाळी मी जावयाला सांगितले की, दुसरीकडे पाहिलेले साधे चार-स्ट्रोक इंजिन घे, ज्याची देखभालीची वही मालकाने तारीखवार लिहिली आहे.

बोट आली. मी एक अट घातली होती. तिच्यात दोन वल्ही कायम राहतील आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असेल. चालवणाऱ्याच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली असेल. माणूस पाण्यात पडला की इंजिन आपोआप थांबते. एका रविवारी आम्ही ओकाची तळ्यावर गेलो. नातू सर्वांत आधी चढला. माझी लेक धक्क्यावर उभी होती. मी तिला फिल्टर दाखवला, टाकी दाखवली, वल्ही दाखवली. मग चाळीस वर्षांत जे बोललो नव्हतो ते बोललो. त्या दिवशी चूक समुद्राची नव्हती, इंजिनाचीही नव्हती. तुझ्या बापाची होती.

ती काही बोलली नाही. जॅकेटचा पट्टा ओढून घट्ट केला, माझा हात धरला आणि बोटीत पाय टाकला. बसल्यावर दोन्ही हातांनी कड घट्ट पकडली होती. जावयाने इंजिन चालू केले. तळ्याच्या मध्यावर गेल्यावर त्याने ते बंद केले, तेव्हा तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग नातवाने वल्ही उचलली आणि आम्हाला वल्हवत हळूहळू काठाकडे न्यायला सुरुवात केली. निम्म्या वाटेवर तो दमला. तेव्हा लेकीने एक हात कडेवरून काढला आणि त्याच्या हातातले एक वल्हे घेतले.